सुख अंगाशी येईल ही भीती नेमकी येते कुठून?

निंबाची_सावली

नागपूरकर मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, म्हणून धागा काढते आहे.

चांगलं काही घडलं की आपल्याकडे पहिला सल्ला येतो तो "इतक्यात कोणाला सांगू नको" हा. लग्न जमलं? साक्षगंध होऊ दे. दिवस गेले? तीन महिने जाऊ दे. प्लॉटचा सौदा झाला? रजिस्ट्री होऊ दे. लेकरं जरा जास्त वेळ खिदळत बसली की घरातलं मोठं माणूस म्हणतंच, "लय हसून राहिले, आता रडाल." संध्याकाळपर्यंत एखादं रडतंही, कारण लहान मुलं रोजच रडतात. पण ते रडणं दुपारच्या हसण्याच्या नावावर मांडलं जातं आणि मुलाच्या मनात तो हिशेब जन्मभर राहतो.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. मोहसेन जोशनलू आणि डॅन वायर्स या अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या संस्कृतींतल्या अशा समजुतींचा आढावा प्रसिद्ध केला. माणसं आनंदाला का बिचकतात याची त्यांनी चार कारणं मांडली आहेत. आनंदामागून संकट येतं, हे एक. आनंदात माणूस बिघडतो, देवाधर्माला आणि कर्तव्याला विसरतो, हे दुसरं. आनंद दाखवला की इतरांना खुपतो आणि त्यांची असूया आपल्याला भोवते, हे तिसरं. आणि सुखाच्या मागे धावणंच घातक, हे चौथं.

माझं मत आधीच सांगते. दुसऱ्या आणि चौथ्या कारणात मला शहाणपण दिसतं. उतू नये, मातू नये, हे आपल्या व्रताच्या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या, ते पटतं. पहिलं कारण मात्र माणसाला आतून पोखरतं. सगळं मनासारखं झालं त्याच रात्री ज्यांना झोप लागत नाही अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत, आणि मीही त्यातलीच. तुमच्या घरी यातलं काय चालतं? मनापासून वाचायचं आहे.

काटोलचा_संत्रा

ताई, आमच्या घरी पहिलं कारण चालते, आणि ते उगाच नाही.

संत्र्याच्या आंबिया बहाराचं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी पांढरं होते. त्या दिवसांत बगीच्यात उभं राहिलं तर वासानं डोकं भरून जाते. येणारा जाणारा म्हणते, "काका, यंदा तर सोनं आहे." बाबा म्हणतात, "हौ, पाहू." कारण पुढं गारपीट आहे, उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहते की नाही ते आहे, पावसाळ्यात फळगळ आहे, झाड काळं करणारी कोळशी आहे. एवढ्यातून दिवाळीपर्यंत फळ टिकलं तर मग भावाचं आहे. ज्याचं पीक आभाळाच्या भरवशावर आहे त्यानं आधीच खूश होणं म्हणजे न मिळालेल्या पगारावर उधारी करणं.

व्यापारी बगीचा पाहायला आला की तर अजिबात खुशी दाखवायची नाही, त्याच्यासमोर बहार "बरा" असते. ते समजते मला, तो सौदा आहे. पण व्यापारी गेल्यावर घरातही तो बराच राहते. आई एकदा म्हणाली, "माह्याजवळ तरी सांगा, चांगला आहे का?" बाबा म्हणाले, "बरा आहे." आई आत निघून गेली. फळ तोडून ट्रक भरून गेला, पैसे आले, तरी त्या वर्षी "चांगला होता" असं कोणी म्हटलं नाही. मला तेवढंच खटकते. जपून राहावं, पण हातात आल्यावर तरी खूश व्हावं ना. तोवर पुढच्या ताणाची वेळ झालेली असते.

वाचनवेडा४४००

भाऊ, तुमच्या बाबांवरून एक मुद्दा सुचला.

दरवर्षी २० मार्चच्या आसपास जागतिक आनंद अहवाल येतो. २०२५ च्या यादीत आपण १४७ देशांत ११८वे, आणि फिनलंड २०१८ पासून सलग पहिला. तो क्रम लावतात तो एका प्रश्नावरून. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या वाट्याला येऊ शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, खालची म्हणजे वाईटातलं वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? भरल्या बगीच्यात उभं करून विचारलं तरी बाबा पाच-सहाच्या वर जाणार नाहीत. नऊ म्हणायला आपल्या लोकांची जीभ वळत नाही.

म्हणून ती यादी खोटी असं मी म्हणणार नाही. उत्पन्न, आरोग्य, अडीअडचणीला हाक मारावी असं कोणी असणं, या गोष्टींचा उत्तरावर खरा परिणाम होतो. पण फिन लोकांतही सुख मिरवू नये, झाकून ठेवावं, ही शिकवण जुनीच आहे. म्हणजे झाकतात तेही. तरी शिडीवर आपली पायरी सांगताना ते कचरत नाहीत. माझा अंदाज असा की तिथे एक पीक गेलं किंवा नोकरी गेली तर माणूस किती खाली पडेल याला मर्यादा आहे. दवाखाना, मुलांची शाळा, म्हातारपण, यांची सोय लागलेली आहे. आपल्याकडे एका मोठ्या आजारपणात घर विकावं लागतं. अशा ठिकाणी सुखाची धास्ती वाटली तर त्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येत नाही.

ओसाका_ते_इतवारी

मूळची इतवारीची, सध्या जपानात आहे.

इथे आल्यावर मला वाटलं आपण घरीच आहोत. कोणी आपल्या मुलाचं कौतुक करत नाही, चांगली बातमी हळू आवाजात आणि खूप उशिरा कळते. युकिको उचिदा आणि शिनोबु कितायामा यांनी अमेरिकन आणि जपानी विद्यार्थ्यांना आनंदाबद्दल सुचेल ते लिहायला सांगितलं होतं, तो अभ्यास २००९ चा. अमेरिकनांनी जवळजवळ सगळं चांगलंच लिहिलं. जपान्यांनी चांगल्यासोबत हेही लिहिलं की आनंद टिकत नाही, त्यामुळे लोक दुरावतात, आजूबाजूचं भान सुटतं. पॅसिफिकमधल्या इफालुक नावाच्या छोट्या बेटावर कॅथरिन लुट्झ यांना असंच काही आढळलं होतं. फार खूश झालेला माणूस मिरवू लागतो आणि दुसऱ्याच्या गरजेकडे त्याचं लक्ष राहत नाही, असं तिथले लोक मानत.

पण एक फरक मला रोज जाणवतो. इथे सुख झाकतात ते चारचौघांत बरोबरी राहावी म्हणून. समोरच्याच्या नजरेने आपलं मूल आजारी पडेल, हा धाक मला सहकाऱ्यांत दिसला नाही. झाकण्याची सवय सारखीच, पण मनातलं कारण वेगळं आणि ओझंही वेगळं. आपण या दोन्हींना एकच समजतो, तिथे धाग्याचा मूळ प्रश्न अडतो असं वाटतं.

स्टॅनफर्डच्या जीन त्साय यांचं म्हणणंही इथे कामाचं आहे. कोणती भावना वाट्याला यावी असं माणसाला वाटतं, हेच समाजागणिक बदलतं. अमेरिकेत उत्साह, जल्लोष हवासा वाटतो; चिनी संस्कृतीत वाढलेल्यांना शांत, निवांत वाटणं जास्त मोलाचं. माझी आजी उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून रात्री अंथरूण टाकायची आणि पडल्या पडल्या म्हणायची, "बरं वाटून राहिलं." ती दुःखी नव्हती. तिला जल्लोष नकोच होता.

बुधवारीचा_बडग्या

आपल्या शहराची गोष्ट कोणीच कशी काढली नाही?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे पीडेच्या बाईरूपी पुतळ्याची मिरवणूक. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्याच्या निषेधात काळी निघाली असं सांगतात. पिवळीच्या लोक पाया पडतात. दोघींची गाठ पडते तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. मागे बडगे, म्हणजे पुरुषरूपी पुतळे, त्यांच्या गळ्यात महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत पाट्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच आरोळी, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

लहानपणापासून मी त्या मिरवणुकीत आहे. मला सांगायचं ते हे की भीती आपल्याला आहेच, पण त्या दिवशी ती सगळ्या शहराची होते. ढोल वाजतात, लोक गच्च्यांवरून पाहतात, शेवटी पुतळे जळतात आणि माणसं हलकी होऊन घरी जातात, कारण तान्ह्या पोळ्याला लेकरांचे लाकडी बैल सजवायचे असतात. घरात एकटीनं, दार लोटून धास्ती बाळगणं आणि असं भर रस्त्यात तिला हाकलणं, यात फार अंतर आहे. दुसरा प्रकार आनंदाच्या आड येत नाही.

त्रिमूर्तीनगर

दार लोटून केलेल्या गोष्टीबद्दल लिहितो, कारण आमच्या आईचं तेच.

मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेते. लेकराला पूर्वेकडे तोंड करून बसवते. डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवताना ओठांतल्या ओठांत चालू असते, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, मायबापाची..." मायबापाचीसुद्धा, कारण मायची नजर सगळ्यात आधी लागते म्हणतात. मग लोखंडी तव्यावर मूठ रिकामी करते. मिरचीचा ठसका उठला नाही तर नजर कडक होती. शेवटी दोन्ही हात लेकराच्या गालावरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडते आणि कडकड ऐकू आली की तिचा चेहरा खुलतो.

माझ्या आईने मला किंवा बहिणीला "छान दिसतोस", "शाब्बास" असं तोंडाने कधी म्हटलं नाही. बोटं मात्र मोडली, दहावीच्या निकालाला, बहीण नवरी झाली तेव्हा, मी पहिल्या नोकरीला निघालो तेव्हा. तिच्या पिढीच्या बाईला लेकराचं कौतुक करायची हीच एक वाट मोकळी होती. म्हणून या सगळ्याला नुसती सुखाची भीती म्हटलं तर मला जड जातं. तो तवा तापला म्हणजे आम्हाला कळायचं की आई आज खूश आहे.

सदरची_रहिवासी

दादा, तुमच्या आईंबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. त्या "आल्यागेल्याची" मध्ये मी येते.

माझे मिस्टर गेले त्याला काही वर्षं झाली. मूलबाळ नाही. नात्यातल्या एका बारशाला गेले तेव्हा मला सगळ्यांनी प्रेमाने या बसा केलं आणि पाळणा सजवायच्या वेळी स्वयंपाकघरात कोशिंबीर करायला पाठवलं. कोणी वाईट शब्द बोललं नाही. मी काकड्या चिरत होते आणि बाहेर पाळणा म्हणत होते. मला त्यातल्या सगळ्या ओळी येतात.

सुखाला नजर लागते असं एकदा मानलं की ती कोणाची तरी असावी लागते. मग विधवा सापडते, मूल नसलेली सापडते, लग्न न झालेली नणंद सापडते. बडग्यादादा, तुमच्या मिरवणुकीतही पीडेला रूप बाईचंच आहे, हे तुम्ही एवढ्या वर्षांत पाहिलं असेल. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. एका गावाने ठरवलं तर होतं. नागपूरच्या एका फ्लॅटमध्ये का होऊ नये?

निंबाची_सावली

ताई, तुमचं वाचून धागा काढताना मी केवढा भाग पाहिलाच नव्हता ते कळलं. चारही कारणं मी सुखी माणसाच्या बाजूने मोजली. ज्याला दूर ठेवलं जातं त्याच्या बाजूने पाहिलं तर तिसरं कारण सगळ्यात क्रूर ठरतं.

इंदोऱ्याची_पोर

ताईंच्या पोस्टनंतर मला माझ्या आजीचं लिहायचं आहे.

आजी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातली. ती सांगायची, नवं लुगडं घेतलं तर ते आधी घरी दोन-चारदा धुवायचं, इस्तरीची घडी मोडायची, मग नेसून बाहेर पडायचं. कारण वाड्यावरून जाताना कोरं लुगडं दिसलं तर विचारणा व्हायची, पैसे आले कुठून. लग्नात नवरदेव घोड्यावर बसवायचा नाही. वाजंत्री हळू. त्यांना नजर लागण्याचं भय नव्हतं. भय माणसांचं होतं, ज्यांना यांचं सुख पाहवत नव्हतं आणि ज्यांच्या हातात शिक्षा करायची ताकद होती. तुम्ही वर देश आणि संस्कृती मोजल्या, पण एकाच गावात एका आळीला जल्लोषाची मुभा आणि दुसऱ्या आळीला मनाई असते. मग "आपल्या संस्कृतीत सुख दाखवत नाहीत" यातलं आपल्या म्हणजे कोणाच्या?

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजी-आजोबा दीक्षाभूमीवर होते. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरातलं लिंबू-मिरची, उतारा सगळं बंद झालं. पण आजी म्हणायची की त्याहून मोठी गोष्ट ही, की परत येताना तिने पांढरं कोरं लुगडं नेसलेलं होतं आणि ती मान वर करून चालत होती.

विहारात आम्हाला शिकवलं ते दोन वाक्यांत लिहिते. सुख जातं, कारण सगळंच बदलतं. कोणी शिक्षा म्हणून हिरावून नेत नाही. आणि मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चारांत मुदिता आहे, दुसऱ्याचं सुख पाहून आपण सुखी होणं. त्याचा सराव करावा लागतो, तो आपोआप येत नाही. नजर लागण्याच्या कल्पनेवर मला याहून सरळ उत्तर माहीत नाही. नजर लावणारा असतो असं शिकवण्याऐवजी, दुसऱ्याकडे कसं पाहावं हेच मुलांना शिकवायचं.

मनमोकळी

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून एक वेगळी बाजू.

आनंदाची भीती हा स्वतंत्र आजार म्हणून निदानाच्या पुस्तकात नाही. पण ती खरी असते. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी नैराश्याशी तिचं नातं दाखवलं आहे. बरं वाटायला लागलं की काही लोक अस्वस्थ होतात, कारण लहानपणी हसण्याच्या वेळीच मार बसलेला असतो किंवा घरात मोठं भांडण पेटलेलं असतं. जोशनलू यांच्या २०२३ च्या अभ्यासातही एकटेपणा, सगळं अचूकच हवं असा हट्ट, करणी किंवा कर्मावर विश्वास आणि दुःखी बालपणाच्या आठवणी यांच्याशी ही भीती जोडलेली दिसते.

सावलीताई, झोप न लागण्याचं तुम्ही लिहिलंत. ते अधूनमधून होत असेल तर ठीक. पण चांगली बातमी नकोशी वाटणं, सहलीला-समारंभाला जाणंच टाळणं, असं सुरू झालं असेल तर कोणाशी तरी बोला. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि ज्यांना घरी विचारून पाहायचं असेल त्यांच्यासाठी सांगते, जोशनलू यांच्या २०१३ च्या प्रश्नावलीत पाचच विधानं आहेत, प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे. त्यांचा आशय असा: आनंदामागून दुःख येतं म्हणून फार खूश न झालेलं बरं, मी जितकी खूश, तितकं वाईट घडण्याची शक्यता जास्त, भरभराटीनंतर बरेचदा आपत्ती येते, खूप मौजमजा केली की वाईट घडतं, अति आनंदाचे परिणाम वाईट होतात.

त्रिमूर्तीनगर

आईला विचारलं. मला वाटलं होतं पाचही विधानांना सातपैकी सात देईल. पहिल्या चारांना तिने एक-एक दिला. "संकट यायचं ते येतेच, हसलं काय अन् रडलं काय." पाचव्याला मात्र सात.

का, म्हणून विचारलं तर बराच वेळ काही बोलली नाही. मग महाल भागातल्या वाड्याचं सांगितलं, जिथे माझा जन्म झाला. त्याच महिन्यात शेजारच्या बाईंचं बाळ गेलं होतं. माझं बारसं आईने दार लावून केलं, पाळणा न म्हणता. शेजारीण दुसऱ्या दिवशी स्वतः शिवलेलं झबलं घेऊन आली. तिच्या बाळासाठी शिवलेलं होतं. म्हणाली, "मले कावून नाही बोलावलं?" आई मला म्हणाली, "तिले वाईट वाटन म्हणून बोलावलं नाही, अन् तिले तेच वाईट वाटलं."

सदरच्या ताईंची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या बाईले पाळणा म्हणू द्यायला पायजे होता. आमच्या बहिणीकडे दिवाळीनंतर बारसं आहे. ताई, आई स्वतः तुम्हाला बोलावते आहे, मी निरोप पाठवतो. तवा तापेल, ते मी थांबवू शकणार नाही, पण पाळण्याची पहिली ओळ तुम्ही म्हणावी असं आईचं म्हणणं आहे.

सदरची_रहिवासी

येईन. आईंना नमस्कार सांगा.

काटोलचा_संत्रा

बारशाची तारीख कळवा दादा. आंबिया बहार तोडणीवर असेल, पेटी पाठवतो. यंदा बहार चांगला आहे.

इंदोऱ्याची_पोर

सगळ्यांना आणखी एक बोलावणं. १३ एप्रिलच्या रात्री बाराला संविधान चौकात या. बाबासाहेबांच्या जयंतीसाठी सगळं शहर तिथे लोटतं, दूरदूरच्या वस्त्यांतून लोक कुटुंबासह येतात. कोणी कोणापासून काही झाकत नाही. आई-आजींना आणायचं असेल तर गर्दीच्या आधी, साडेदहापर्यंत पोचा आणि मला इथे निरोप टाका. आमच्या वस्तीतली पोरं बाजूला खुर्च्या लावून ठेवतात.